निंगालं का जी पानी?

बाई, गॅमा कॅमेऱ्यावर तुझी नोकरी लागली म्हणून ताईचा फोन आला, फार बरं वाटलं. डिप्लोमात तुला भौतिकशास्त्र शिकवलं असेल, सुरक्षेचे नियम घोटून घेतले असतील. कंपनीचा माणूस येऊन बटणंही दाखवून गेला असेल. पण किडनीच्या स्कॅनला आपल्या भंडारा जिल्ह्यातून, पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसरकडून जे लोक नागपूरला येतील, त्यांच्याबद्दल तुला कोणी काही सांगितलं नसणार. ते मी सांगतो. यातलं थोडं मला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आमच्या सरांनी शिकवलं. १९६३ साली सुरू झालेलं ते केंद्र म्हणजे या विद्येत पडलेल्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांचं माहेर. बाकीचं पुढच्या तीसेक वर्षांत टेबलावर निजलेल्या लेकरांनी आणि त्यांच्या मायांनी शिकवलं.

पहिली गोष्ट पाण्याची. सुई, डोस, कॅमेरा सगळं त्यानंतर.

आपल्याकडे तपासणी म्हटली की माणूस उपाशी निघतो. रक्त द्यायचं तर उपाशी, पोटाची सोनोग्राफी तर उपाशी. मग किडनीचा एवढा मोठा स्कॅन, तोही नागपूरला, म्हणजे पोराला रात्रीपासून थेंब द्यायचा नाही, हे घरचे आपणहून ठरवून टाकतात. आणि या स्कॅनला हवं असतं नेमकं उलटं. मूत्रपिंडातून लघवी किती वेगाने खाली उतरते, हेच आपण मोजायला बसलो आहोत. अंगात पाणीच नसेल तर मूत्रपिंड ते धरून ठेवतं, लघवी थोडी आणि घट्ट बनते, स्कॅनसाठी नसेतून दिलेलं, कॅमेऱ्याला दिसणारं औषध नळ्यांमध्ये रेंगाळतं, आणि पडद्यावर ती रेंगाळ अडथळ्यासारखी दिसते.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. मे महिना होता, पारा ४५ च्या आसपास. साकोलीकडून आठ महिन्यांचा मुलगा आला. पोटात असतानाच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला सूज दिसली होती, जन्मानंतरही ती कमी झाली नव्हती. शंभरेक किलोमीटर एसटीने, खिडकीतून गरम झळा घेत आलेलं लेकरू. ओठांवर पापडी धरली होती, टाळू आत गेली होती, लंगोट पहाटेपासून कोरडा. मी विचारलं, "दूध कधी पाजलंत?" माय म्हणाली, "डॉक्टरनं काई सांगतलं नोव्हतं जी, सासूबाई म्हनल्या, तपासनी हाय, काई पाजू नोको." हे ऐकूनही मी स्कॅन लावला. मागे चार पेशंट बसले होते, डोस काढून ठेवलेला होता. मूत्रपिंडात औषध किती आहे हे दाखवणारी डाव्या बाजूची रेघ चढली आणि तिथेच थांबली, लघवी वाढवणारं लॅसिक्स दिल्यावरही हलली नाही. रिपोर्टात अडथळा असल्याचं गेलं. सर्जन जाणते होते. त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "बाळ आलं तेव्हा कसं होतं?" मी खरं सांगितलं. पंधरा दिवसांनी तोच मुलगा, तोच कॅमेरा, वजनाप्रमाणे तोच डोस. या वेळी मायने पोटभर पाजलं होतं आणि डॉक्टरांनी वजन बघून सॅलाइन लावलं होतं. डावीकडचं अर्धं औषध आठ मिनिटांत उतरलं. त्या पोराच्या कुशीत चीर पडली असती तर ती माझ्या घाईपायी पडली असती. हे मी विसरलेलो नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी फोन कर. चिठ्ठीवर छापलेलं असलं तरी कर, आणि घरातल्या ज्या मोठ्या बाईच्या हातात कारभार असेल तिच्याशी बोल. "पाणी द्या" एवढं पुरत नाही. "उपाशी आणायचं नाही. अंगावरचं दूध मागेल तेवढं पाजत या. मोठं पोर असेल तर पेज द्या, ताक द्या, बाटलीत पाणी घेऊन गाडीत बसा," असं उलगडून सांग. मोठ्या माणसाने तपासणीआधीच्या तासाभरात अर्धा लिटर पाणी प्यावं. ते आपल्या समोर पिऊ दे, म्हणजे मनात शंका राहत नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, पायावर सूज आहे, ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितलं आहे, त्यांचं मात्र आधी डॉक्टरांना विचार. तान्ह्या बाळाला सॅलाइन किती, हेही तेच ठरवतील. तुझं काम हे, की कोरडं लेकरू टेबलावर चढू द्यायचं नाही. मागे रांग असली तरी नाही.

दुसरी गोष्ट मूत्राशयाची. ते भरलेलं असलं की वरून उतरणारं पाणी अडतं, आणि दोष मूत्रपिंडावर येतो. मोठ्या पेशंटला टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठव, संपल्यावर पुन्हा पाठव, आणि त्यानंतरचा फोटो घेतल्याशिवाय सोडू नकोस. प्रोस्टेटचे म्हातारे बाबा "झाली" म्हणतात, पण पडद्यावर मूत्राशय टम्म दिसतं. अशांना नळी घालायची का, हे आधीच विचारून ठेव. मूत्रनलिकेत डीजे स्टेंट असलेल्यांत मूत्राशय भरलं की लघवी उलटी वर चढते, तिथेही नळी उघडी असलेली बरी. तान्ही पोरं टेबलावरच सू करतात. ती झालेली वेळ लिहून ठेव, कारण त्या क्षणी रेघ एकदम खाली वळते आणि नंतर रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते का झालं हे कळायला हवं. आणि लगेच लंगोट बदल. ओल्या लंगोटातलं औषधही कॅमेऱ्याला दिसतं. कुशीखाली ओलं फडकं राहिलं म्हणून मूत्रपिंडाच्या खाली एक तिसरा गोळा चमकलेला मी पाहिला आहे.

लॅसिक्सची वेळ. कुणी औषध दिल्यावर विसाव्या मिनिटाला देतात, कुणी औषधासोबतच, कुणी पंधरा मिनिटं आधी. यातलं कोणतं बरं, यावर डॉक्टर मंडळींना वाद घालू दे. नसेतून दिलेल्या लॅसिक्सचा जोर पंधराएक मिनिटांनी पूर्ण चढतो, म्हणून वेळ बदलली की रेघही बदलते. तू फक्त तुमच्या विभागात जे ठरलं आहे ते दर वेळी तसंच कर, आणि घड्याळातली वेळ लिही. पेशंट घरी आधीपासून लघवीची गोळी घेत असेल तर तेही लिही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमध्ये ती मिसळलेली असते आणि पेशंटला माहीत नसतं, तेव्हा गोळ्यांचं पाकीटच बघायला माग.

सुई हा सगळ्यात नाजूक भाग. लेकराची नस आधी धरून ठेव, शक्य झालं तर तासभर आधी बधिर करणारं मलम लाव, म्हणजे टेबलावर येईपर्यंत रडणं ओसरलेलं असतं. सॅलाइनने नस उघडी असल्याची खात्री कर. औषध नसेबाहेर चामडीत गेलं तर ते तिथून हळूहळू रक्तात झिरपत राहतं, आणि मूत्रपिंडाची रेघ उतरायला तयारच होत नाही. म्हणून शेवटी जिथे सुई टोचली त्या हाताचा एक फोटो घ्यायचा. दहा सेकंदांचं काम. सर म्हणायचे, हाताचा फोटो नाही तर स्कॅन झालाच नाही असं समजा.

आता मायबापांना समजवायचं कसं, ते सांगतो. रेणू, समस्थानिक, किरणोत्सार असले शब्द काढलेस की ते मान हलवतील आणि बाहेर जाऊन कंपाउंडरला विचारतील. आपली माणसं पाण्याची जाणकार आहेत. भंडारा-गोंदियात गावोगाव मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी ते कसे बांधले, पाणी कुठून घेतलं, कुठून सोडलं, हे आपल्या बाप-आज्यांनी पाहिलेलं आहे. लाखांदूरच्या धानकऱ्याला मूत्रपिंड समजत नसेल, पण तुडुम समजतं. त्याला सांग : मूत्रपिंड म्हणजे तलाव, खाली जाणारी नळी म्हणजे पाट, आणि जिथून पाणी पाटात उतरतं ते तुडुम. तिथे गाळ बसला आहे का, की नुसता तलावाचा पसाराच मोठा आहे, हे बघायला आम्ही पाण्यात थोडा रंग सोडतो आणि तो किती वेळात खाली जातो ते वरून बघत बसतो. लॅसिक्स म्हणजे वरून पाऊस पाडायचा. पाऊस पडल्यावरही रंग जागेवरून हलला नाही, तर तुडुमाकडे बघावं लागतं.

हे मी पेशंटसाठी योजलेलं होतं, पण खरं सांगतो, त्याचा मलाच जास्त उपयोग झाला. कारण या स्कॅनमधली सगळ्यात मोठी फसगत तलावाच्या पसाऱ्यात आहे. मूत्रपिंडाची झोळी फुगून मोठी झालेली असेल, तर वरून येणारं पाणी आधी तीच भरतं. तुडुम मोकळं असलं तरी एवढ्या मोठ्या तलावाची पातळी उतरायला वेळ लागतोच. रेघ संथ उतरते आणि अडथळ्यासारखी दिसते. उलट एखाद्या मूत्रपिंडाची ताकदच इतकी गेलेली असते की लॅसिक्स देऊनही ते पाणी काढू शकत नाही. तिथे पाऊसच पडलेला नाही, तेव्हा पाणी उतरलं की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. आणि महिन्याच्या आतल्या बाळाचं मूत्रपिंड अजून पिकलेलंच नसतं, म्हणून फार घाईची गरज नसेल तर डॉक्टर हा स्कॅन चार-सहा आठवड्यांनंतर करतात. कुणी घाबरून पंधरा दिवसांचं बाळ घेऊन आलं तर परत पाठवताना तुसडेपणा करू नकोस. का थांबायचं, ते बसवून सांग.

निम्मं औषध उतरायला लागणारा वेळ हा आकडा सगळे धरून बसतात. दहा मिनिटांच्या आत असेल तर मोकळं, वीसच्या वर असेल तर अडलेलं, मधलं असेल तर सांगता येत नाही, अशी साधारण समजूत आहे. ती चुकीची नाही. पण हा आकडा लॅसिक्स कधी दिलं, पोर किती प्यालेलं होतं, मूत्राशय रिकामं होतं का, झोळी केवढी आहे, या सगळ्यावर हलतो. तेव्हा नुसता आकडा पाठवू नकोस. उभं धरून, लघवी झाल्यावर घेतलेला शेवटचा फोटो सोबत जायलाच हवा. पाठीवर निजलेल्या लेकराच्या झोळीत पाणी मागे साचून राहतं. त्याला मायच्या खांद्यावर उभं धरून आपल्याच विभागात पाच-दहा मिनिटं फिरवलं की नुसत्या वजनाने ते उतरतं. वीस मिनिटांत जे हललं नव्हतं ते खांद्यावर पाच मिनिटांत उतरलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

गणित करण्याआधी सिनेमा बघ. म्हणजे सगळे फोटो एकामागून एक चालवून बघायचे. आमचे सर ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्याकडे फोटो नव्हतेच. १९५६ साली अमेरिकेत टॅपलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीनोग्राम काढला तो पाठीवर दोन प्रोब लावून. मूत्रपिंड पाठीत नेमकं कुठे, हे अंदाजाने ठरवायचं, आणि कागदावर पेन चढतं-उतरतं ते बघायचं. प्रोब दोन बोटं सरकला तर चांगलं मूत्रपिंड आजारी ठरायचं. हॅल अँगर यांचा कॅमेरा आला, मग औषधाला बांधायचं किरण देणारं टेक्नेशियम हाताशी आलं, आणि आपल्याला मूत्रपिंड डोळ्यांनी दिसायला लागलं. सर तळमळून सांगायचे, "त्यांना दिसत नव्हतं, तुम्हाला दिसतंय, तर बघा." पोर हललं का? मूत्रपिंड आखलेल्या गोलाबाहेर गेलं का? डावीकडे वर पोट चमकतंय का? चमकत असेल तर औषधाला टेक्नेशियम नीट बांधलं गेलेलं नाही, सुटं टेक्नेशियम पोटात आणि गळ्याशी जातं, आणि पोटाची चमक डाव्या मूत्रपिंडात मिसळून त्याचा वाटा खोटा वाढतो. उजवीकडे यकृत असतं, तेव्हा पार्श्वभूमीचा पट्टा आखताना तेही सांभाळ. गोल आखायला दोन मिनिटं लागतात, पण त्या दोन मिनिटांत किती टक्के काम कोणाचं, हे ठरतं.

तो टक्का फार मोलाचा. दोन्ही मूत्रपिंडांत कामाची वाटणी ४५ ते ५५ च्या आत असली तर ठीक समजतात. चाळिसाच्या खाली गेली, किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा दहाएक टक्के घसरली, की सर्जन शस्त्रक्रियेचा विचार करतात. म्हणजे पहिल्या स्कॅनपेक्षा दुसरा महत्त्वाचा, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघता यायला हवेत. आज डीटीपीए हे औषध, पुढच्या वेळी ईसी हे दुसरं, एकदा या केंद्रात, एकदा त्या, असं झालं की घसरण खरी की पद्धतीमुळे आलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. डीटीपीए मूत्रपिंडात गाळून निघतं, ईसी बहुतेक नळ्यांच्या भिंतीतून बाहेर टाकलं जातं, त्यामुळे कमजोर किंवा कोवळ्या मूत्रपिंडात ईसीचं चित्र जास्त स्वच्छ येतं. आपल्या देशात ईसी बरंच वापरतात, नवी मुंबईच्या ब्रिट या संस्थेकडून त्याचे किट येतात. चिठ्ठीवर डीएमएसए लिहिलेलं असेल आणि प्रश्न मात्र पाणी उतरतं का असा असेल, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना फोन कर. डीएमएसए मूत्रपिंडाच्या गरात जाऊन बसतं. व्रण आणि वाटा त्यात दिसतो, प्रवाह दिसत नाही.

दुसऱ्या स्कॅनबद्दल एक दुःखाची गोष्ट आहे. पवनीकडची एक मुलगी, चार वर्षांची. पहिल्या स्कॅनमध्ये डावीकडचा वाटा ४६. उतरायला वेळ लागत होता, पण सर्जननी थांबायचं ठरवलं. सहा महिन्यांनी बोलावलं, आणि ते सहा महिने नेमके जुलैत पुरे झाले. जुलै म्हणजे धानाचा रोवणा. बाप बांधीत, माय दुसऱ्यांच्या बांधीत रोजीने. पोरीला दुखत काही नव्हतं, खेळत होती, मग कोण जातं नागपूरला? पुढे कापणी, चुरणं, मंडई, मग उन्हाळी धान. दीड वर्षाने ताप आणि कुशीत दुखणं घेऊन ती आली तेव्हा वाटा २८ होता. हा रोग दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. शस्त्रक्रिया नीट झाली, उतार मोकळा झाला, पण गेलेलं परत आलं नाही.

तेव्हापासून पुढची तारीख मी कॅलेंडर बघून कधी दिली नाही. विचारायचो, "रोवणा कधी आटपतो? कापणी कधी?" डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं असेल आणि ते रोवण्यात पडत असेल, तर त्यांना विचारून आठ-पंधरा दिवस अलीकडे घ्यायचो आणि फाइलवर लिहायचो, "पऱ्हे टाकायच्या आधी" किंवा "पोळा झाल्यावर सोमवारी". तारीख माणूस विसरतो. पोळा विसरत नाही. गावच्या आशाताईंचा नंबरही फाइलीत ठेव. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यांच्या कानावर घालायला सांग. आणि शस्त्रक्रियेचं नाव निघालं की बापाचा चेहरा पैशाने उतरतो, तेव्हा त्याला आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पाठव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कोणते कागद लागतात, हे तिथे कळतं. जमीन गहाण टाकून आलेल्यांना नंतर कळलं, असं मी पाहिलेलं आहे. म्हणून हे आधी.

आता माणसांशी बोलायचं. पहिला प्रश्न हमखास येतो, "करंट देते का जी?" नाही, मशीन काही देत नाही. मशीन नुसतं बघतं. किरण लेकराच्या अंगातल्या औषधातून येतात, तेही थोडे. बहुतेक वेळा एका स्कॅनचा डोस एक मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला दर वर्षी जगभर सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. आकडा सांगायचा तर हा सांग. पण त्यापेक्षा त्यांना हे ऐकायचं असतं की पोराला कडेवर घेता येईल का. येईल. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरंचसं लघवीवाटे आधीच गेलेलं असतं. दिवसभर लंगोट लवकर लवकर बदला, तुमच्या विभागाने सांगितलंय तसे वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा, आणि पाजत राहा. एका आजोबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून नातवाला दोन रात्री वेगळ्या खोलीत झोपवलं होतं. मला ते ऐकून फार लागलं, कारण निघताना मी नीट सांगितलं असतं तर ते झालं नसतं.

गर्भाचं विचारणं राहून जातं. लेकराजवळ माय थांबणार असेल तर तिला दिवस गेले आहेत का, हे विचारायचं. पण सासूसमोर, दिरासमोर विचारलंस तर ती "नाही" म्हणेल, असेल तरी. तू बाई आहेस, तुला सोपं आहे. पाणी द्यायच्या निमित्ताने बाजूला घे आणि हळूच विचार, "पाळी कधी आली होती?" शंका असेल तर लेकराजवळ आजीला नाहीतर बापाला थांबव, कारण न सांगता.

लेकरू निजवायचं कसं? भूल नको, तिची सहसा गरज पडत नाही. नस धरून झाली, रडणं संपलं, की मायला अंधाऱ्या कोपऱ्यात बसवून पाजू दे. पापण्या जड झाल्या की ओच्यातल्यासारखं फडक्यात घट्ट गुंडाळ, हात आत, सुईचा तेवढा बाहेर. मायने डोक्याशी बसावं, तिचा पदर लेकराच्या गालाला लागेल असा. वासाने झोप टिकते. एसी थोडा कमी कर, आपल्या उकाड्यातून आलेली पोरं थंड टेबलावर दचकतात.

वेळेचं एक. टेक्नेशियमच्या जनरेटरमधून सकाळी काढलेलं औषध दुपारपर्यंत निम्म्यावर येतं. आठला पाच मिलिक्युरी भरून ठेवलंस तर दोनला अडीच उरतात. म्हणून नागपूरच्या पेशंटांना सकाळच्या वेळा दे आणि लांबून येणाऱ्यांना अकरा-बाराच्या, आणि त्यांचा डोस ते दारात आल्यावरच भर. बस पंक्चर झाली, वरठीला गाडी उशिरा आली, तर "उशीर झाला, उद्या या" म्हणू नकोस. लाखांदूरच्या माणसाला उद्या म्हणजे आणखी एक रोजी बुडणं आणि धर्मशाळेत रात्र. रेघ अर्धवट वाटली, झोळी रिकामी झाली की नाही ही शंका राहिली, तर डॉक्टरांना विचारून दोन तासांनी आणखी एक फोटो त्याच दिवशी घेऊन टाक. त्याला घरी पाठवून परत बोलावण्यापेक्षा तुझं जेवण उशिरा झालेलं बरं.

आणि सगळं आटपलं, पोर जागं होऊन रडायला लागलं, की माय पडद्याकडे बघून विचारेल, "निंगालं का जी पानी?" निदान तू सांगू नकोस, ते डॉक्टरांचं काम आहे आणि अर्धवट शब्दावर लोक रात्र काढतात. पण "रिपोर्ट आल्यावर कळेल" म्हणून पाठही फिरवू नकोस. जे तुला नक्की माहीत आहे ते सांग. फोटो स्वच्छ आलेत, बाळ हललं नाही, सू झाली, डॉक्टर अमुक वाजता बघून सांगतील, तोवर इथेच बसा आणि बाळाला पोटभर पाजा. मग तिच्या हातात एक ग्लास पाणी दे. बाळाचं सगळं विचारलं जातं, पण तिने सकाळपासून घोटभरही घेतलेलं नसतं.